दुसऱ्या प्रयोगाची सोबत

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

अध्यापन विकास कक्षाचं काम तुझ्याकडे आलं, याचा मनापासून आनंद झाला. वर्षाचा आराखडा पाठवलास तोही वाचला, एकदा भरभर आणि एकदा पेन्सिल हातात धरून. दर महिन्याला एक कार्यशाळा, बाहेरून येणारे तज्ज्ञ, शेवटी प्रमाणपत्र. मेहनत दिसते. पण मत मागितलं आहेस म्हणून स्पष्ट लिहिते. प्राध्यापकांनी वर्गात नवं काहीतरी एकदा करून पाहावं, याची पुरेपूर तयारी या आराखड्यात आहे. ते फसल्यावर त्यांनी पुन्हा करून पाहावं, याची तरतूद मात्र कुठेच नाही. आणि तुझं खरं काम तिथेच आहे.

नव्या पद्धतींचा उपयोग होतो की नाही, हा वाद आता फारसा उरलेला नाही. स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. जिथे फक्त व्याख्यान चालतं तिथे सरासरी ३३.८ टक्के विद्यार्थी नापास होत होते. जिथे तासातच विद्यार्थ्यांना विचार करायला, आपसात बोलायला, उदाहरणं सोडवायला लावलं जातं, तिथे २१.८ टक्के. म्हणजे शंभरांच्या वर्गात बारा मुलं. कुणी तुला ‘हे सगळं कशासाठी’ असं विचारलं, तर त्या बारा जणांबद्दल बोल.

मग प्राध्यापक बदलत का नाहीत? त्यांना नव्या पद्धती माहीत नसतात, हे सोपं उत्तर झालं, आणि तुझा आराखडा त्याच उत्तरावर उभा आहे. चार्ल्स हेंडरसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या भौतिकशास्त्राच्या ७२२ प्राध्यापकांची पाहणी केली. ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या बहुतेकांना या पद्धती ठाऊक होत्या. बऱ्याच जणांनी एखादी तरी वापरूनही पाहिली होती. मात्र वापरून पाहणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी पुढे सगळंच सोडून दिलं होतं. गळती माहितीच्या पायरीवर फार कमी होते, ती होते पहिल्या प्रयोगानंतर.

ती का होते, हे स्टाफरूममध्ये थोडा वेळ बसलं तरी कळेल. कार्यशाळेतून उत्साहानं आलेली प्राध्यापक वर्गाला म्हणते, ‘शेजाऱ्याशी चर्चा करा.’ वर्ग गप्प. दोघं-तिघं मोबाइल काढतात. वीस मिनिटं जातात, पोर्शन मागे पडतो, आणि तास संपल्यावर एखादा हुशार विद्यार्थी येऊन म्हणतो, ‘मॅडम, तुम्हीच शिकवा ना, आम्हाला ते जास्त समजतं.’ हे ऐकून कोण खचणार नाही? वर त्या विद्यार्थ्याचं म्हणणं प्रामाणिक असतं. २०१९ मध्ये हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या प्रयोगात हेच दिसलं: स्वतः डोकं लावायला लागलेल्या विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो असं वाटत होतं, आणि चाचणीत मात्र ते जास्त शिकलेले निघाले. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं, स्वतः झगडताना आपली अडचण ठळक दिसते. ही गोष्ट ठाऊक नसलेली प्राध्यापक एकटीच घरी जाते आणि ठरवून टाकते की आपल्या मुलांना हे झेपत नाही. त्याच संध्याकाळी तिच्याशी बोलायला कुणी असतं, आणि ‘माझ्याही वर्गात पहिल्या वेळी हेच झालं, मग मी प्रश्न बदलला’ एवढं त्यानं म्हटलं असतं, तर पुढचा तास वेगळा झाला असता.

ली शुल्मन या शिक्षणतज्ज्ञांनी १९९३ मध्ये आपला एक अनुभव लिहिला. विद्यापीठात येताना त्यांना वाटलं होतं की संशोधन एकट्यानं करायचं असेल आणि शिकवण्यात सोबत असेल. झालं उलट. संशोधनाला परिसंवाद होते, समीक्षक होते, टीका करणारे मित्र होते. वर्गाचं दार मात्र बंद व्हायचं आणि आत काय घडलं ते बाहेर कुणालाच कळायचं नाही. आज तुझ्या विद्यापीठातही शोधनिबंधाचा कच्चा खर्डा चार जणांना दाखवायला कुणाला संकोच वाटत नसेल. कच्चा तास दाखवायला वाटतो. तो संकोच कमी करणं हे तुझं काम आहे.

त्यासाठी कार्यशाळा कमी कर आणि आपल्या तासांबद्दल एकत्र बसून बोलणारे प्राध्यापकांचे गट कर. अमेरिकेत ओहायोमधल्या मायामी विद्यापीठात १९७९ पासून प्राध्यापकांचे असे शिक्षणगट चालत आले आहेत. ते काम पुढे नेणारे मिल्टन कॉक्स आठ ते बारा जणांचा गट सुचवतात, आणि मुदत पूर्ण वर्षाची. वर्षाचं कारण अगदी व्यवहारी आहे. पहिल्या सत्रात प्रयोग फसतो, दुसऱ्या सत्रात तो सुधारून पुन्हा करता येतो. सहा आठवड्यांच्या उपक्रमात फसण्यापुरताच वेळ मिळतो. बैठका दर तीन आठवड्यांनी ठेव. रोजच्या व्यापात दर आठवड्याला कुणी येत नाही, आणि महिन्यापेक्षा जास्त अंतर पडलं की मागच्या वेळी काय ठरलं होतं हेच आठवण्यात वेळ जातो.

गटानं काय करायचं? इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बहुतेक गट इथेच विरघळतात. ‘नावीन्यपूर्ण अध्यापन’ हा विषय घेऊन बसलेला गट दोन बैठकांत गप्पांवर येतो. विषय नको, अडचण हवी, तीही नेमकी: संख्याशास्त्रात मुलं सूत्र वापरतात पण उत्तराचा अर्थ सांगू शकत नाहीत, इतिहासात साधनं वाचतात पण दोन साधनांमधला विरोध त्यांना दिसत नाही, प्रयोगशाळेत वही पूर्ण असते आणि प्रयोग का केला हे कुणाला माहीत नसतं. अशी एक अडचण, एक घटक, एक तास.

जपानमधल्या शाळांत शिक्षक शंभराहून अधिक वर्षं ‘जुग्यो केन्क्यू’ नावाची रीत पाळत आले आहेत. काही शिक्षक मिळून एकच पाठ आखतात. मुलं कुठे अडखळतील, कोणती चुकीची उत्तरं देतील, त्यावर काय विचारायचं, याचा आधी अंदाज बांधतात. एक जण तो पाठ घेतो, बाकीचे वर्गात बसतात, आणि त्यांची नजर शिक्षकावर नसते, मुलांवर असते. कुणी कुठे लिहायचं थांबलं, कुणी शेजाऱ्याला काय सांगितलं, कुणाच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग चर्चा, पाठात दुरुस्ती, आणि तोच पाठ कदाचित दुसऱ्या वर्गात पुन्हा. विद्यापीठात हे जसंच्या तसं बसणार नाही, वेळापत्रकच बसू देणार नाही. पण त्यातला गाभा उचलण्यासारखा आहे. पाठ सगळ्यांनी मिळून आखलेला असतो, त्यामुळे तो फसला तर कुणा एकाची अब्रू जात नाही. चर्चेत ‘तुम्ही असं करायला हवं होतं’ हे वाक्य येत नाही. ‘आपण हा प्रश्न फार लवकर विचारला’ असं वाक्य येतं. या एका फरकानं अनुभवी, मानी प्राध्यापकसुद्धा बोलायला लागतात. वर्षात दोन असे तास झाले तरी खूप झालं.

निरीक्षणाला नोंदींचा आधार असू दे, नाहीतर सगळे ‘छान झालं’ म्हणून उठतात. २०१३ मध्ये आलेल्या एका निरीक्षण पद्धतीत दर दोन मिनिटांनी एवढंच टिपतात की या क्षणी विद्यार्थी काय करताहेत आणि शिक्षक काय करताहेत. ऐकणं, लिहिणं, गटात बोलणं, प्रश्न विचारणं. चांगलं-वाईट असा शेरा त्यात नाही. आपण जेमतेम निम्मा तास बोलतो असं मानणाऱ्या प्राध्यापकासमोर तो कागद ठेवला की वेगळं काही सांगावं लागत नाही. तसंच सत्राच्या मध्यावर, परीक्षेच्या आत, गटातल्या दुसऱ्या सदस्यानं वर्गात जाऊन शिकवणाऱ्याच्या गैरहजेरीत विद्यार्थ्यांशी बोलावं: कशामुळे शिकायला मदत होते, काय बदललं तर बरं. सत्रअखेरच्या फीडबॅक फॉर्मचा उपयोग पुढच्या तुकडीला होतो. हा याच तुकडीला होतो.

आता एक गोष्ट जिथे मी तसूभरही तडजोड करू देणार नाही. गटात जे बोललं जाईल, दिसेल, लिहिलं जाईल, ते पदोन्नतीच्या किंवा मूल्यमापनाच्या फाइलमध्ये जाता कामा नये. कुणी भल्या हेतूनं म्हणेल की चांगल्या प्रयोगांची नोंद व्हावी, थोडे गुण द्यावेत. नको. ज्या दिवशी निरीक्षणाचा एक कागद विभागप्रमुखांच्या टेबलावर पोचेल, त्या दिवसापासून सगळे आपला सर्वांत सुरक्षित तासच दाखवतील. हे कुलगुरूंकडून किंवा अधिष्ठात्यांकडून आधी लेखी घे. त्यांच्याकडून दुसरीही एक गोष्ट मागून घे: वेळ. सन्मानचिन्हं आणि कौतुकसोहळे नंतर बघू. गटातल्या प्रत्येकाचा आठवड्याचा एक तास वर्कलोडमधून कमी होणार असेल, तरच वर्षभर लोक टिकतील. उत्साहावर गट सुरू होतो, चालतो तो वेळापत्रकावर.

गटात कुणाला घ्यायचं? नेहमीचे हौशी लोक येतीलच, त्यांना अडवू नकोस, पण गट त्यांनीच भरू नकोस. एक तरी असा ज्येष्ठ प्राध्यापक हवा, ज्याचा या सगळ्यावर विश्वास नाही, पण विद्यार्थ्यांवर जीव आहे. तो अवघड प्रश्न विचारेल आणि त्याच्यामुळे बाकीच्यांना पुरावा आणायची सवय लागेल. आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना विसरू नकोस. अनेक ठिकाणी पहिल्या वर्षाचे मोठाले वर्ग त्यांच्याकडेच असतात, आणि कोणत्याही समितीत ते नसतात. त्यांना बैठकीच्या वेळेचं मानधन मिळालं पाहिजे. ते मिळवण्यासाठी तुला भांडावं लागलं तर भांड.

सगळे एकाच विभागातले असावेत की वेगवेगळ्या, यावर मतं आहेत. वेगवेगळ्या विषयांच्या माणसांत मोकळेपणा लवकर येतो, कारण शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्यासमोर अडाणी ठरायची भीती नसते. पण बदल टिकतो तो विभागात. तिथेच अभ्यासक्रम ठरतो, प्रश्नपत्रिका निघते, एकाच विषयाचे चार वर्ग चार जण घेतात. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वायमन यांनी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २००७ मध्ये उपक्रम सुरू केला, तेव्हा पैसा एकेकट्या प्राध्यापकांऐवजी पूर्ण विभागांना दिला आणि त्या विषयातलेच, अध्यापनाचा अभ्यास केलेले तरुण तज्ज्ञ विभागात बसवले. तुझ्याकडे तेवढा निधी नसणार. पहिल्या वर्षी मिश्र गट कर, मात्र एका विभागातून निदान दोघं जण घे. एकटा माणूस विभागात परतला की जुन्या वळणावर जातो, दोघं असले तर एकमेकांना धरून राहतात.

तंत्रज्ञानाबद्दल विचारलं आहेस. ते अडचणीनंतर येऊ दे. आधी सॉफ्टवेअर आणि मग त्यासाठी वापर शोधायचा, हा क्रम मला पटत नाही.

गटाला सांभाळताना तू फार शिकवू नकोस. तुझं वाचन झालेलं आहे, उत्तरं तोंडावर येतील. प्रश्न विचारून थांब. कुणी म्हणालं की प्रयोग फसला, तर लगेच उपाय देऊ नकोस. विद्यार्थ्यांनी नेमकं काय केलं ते विचार, त्यांच्या उत्तरपत्रिका किंवा चिठ्ठ्या टेबलावर मागव. अभिप्रायावरून बोलणं आणि विद्यार्थ्यांचं लिखाण समोर ठेवून बोलणं, यात दिवस-रात्रीचा फरक आहे. आणि ज्यांचा प्रयोग फसला त्यांना दोन दिवसांत स्वतः भेट किंवा फोन कर, पुढच्या बैठकीची वाट पाहू नकोस. पुढचा तास घ्यायचा की नाही, हे त्या दोन दिवसांतच ठरतं.

बाराच्या बारा कार्यशाळा रद्द करायला सांगत नाही. दोन ठेव, त्याही गटाला गरज वाटेल त्या विषयावर. उरलेला पैसा मानधनाला आणि तासांच्या भरपाईला वळव. सुधारलेला आराखडा पाठवशील तेव्हा सोबत गटाची यादीही पाठव, आणि अधिष्ठात्यांशी बोलणं होण्याआधी मला फोन कर. वेळेची मागणी कशी मांडायची ते आपण मिळून ठरवू.

तुझ्या,
बाई