राफ्ट झाला, वॉटर बार राहिला: भिंत भरण्याआधी काय करावं?

तुमच्या बंगल्याच्या जमिनीखालच्या टाकीचा राफ्ट (तळाचा काँक्रीट स्लॅब) भरून झालाय, किकर (राफ्टसोबतच भरायचा भिंतीचा छोटा उंचवटा) भरलेला नाही, वॉटर बारही (सांध्यात पाणी अडवणारी पट्टी) नाही. 200 मिमीची भिंत पुढच्या आठवड्यात भरायची आहे आणि ठेकेदार म्हणतोय, वॉटरप्रूफिंगची पावडर जास्त टाकू, काही होत नाही. कृपा करून यावर विसंबू नका. पावडर काँक्रीटमध्ये मिसळते, पण पाणी वाट काढतं ती जुन्या-नव्या काँक्रीटच्या सांध्यातून. तिथे पावडरचा उपयोग नाही. भिंत अजून भरलेली नाही, त्यामुळे वेळ गेलेली नाही.

पीव्हीसी वॉटर बारचा विषय आता सोडून द्या. तो निम्मा राफ्टमध्ये गाडलेला असावा लागतो, आणि खाच मारून नंतर बसवलेला बार कामाचा नाही. तुमच्यासाठी पाण्याने फुगणारी पट्टी योग्य.

आधी भिंतीच्या रेषेत राफ्टला छिन्नीने टाचे मारा. वर जी सिमेंटची साय जमते ती पूर्ण निघून खडी उघडी दिसली पाहिजे. नुसतं खरवडून वर स्लरी (सिमेंटचं पातळ पाणी) ओतली तर सायीवरच नवीन काँक्रीट बसतं आणि नेमकं तिथूनच गळतं. मग तारेचा ब्रश, पाण्याचा जोर, आणि जागा सुकू द्या. पट्टी सळयांच्या दोन्ही जाळ्यांच्या मध्ये, भिंतीच्या मधोमध बसवा. दोन्ही बाजूंना निदान 75 मिमी काँक्रीट हवं, नाहीतर फुगताना कड फोडते. टोकं एकमेकांवर चढवू नका, शेजारी-शेजारी 100 मिमी ठेवा. भरायच्या आधी पाऊस लागून ती फुगली, तर सरळ काढून नवी लावा.

काँक्रीट एम 30 ताकदीचं घ्या, पाणी-सिमेंट प्रमाण 0.45 च्या आत. पाण्याच्या टाक्यांसाठीचं भारतीय मानक आयएस 3370, त्याचीही हीच अपेक्षा आहे. साइटवर पाणी ओतून ते सैल करू देऊ नका. तळाच्या पहिल्या थरात व्हायब्रेटर नीट फिरतोय का, हे स्वतः उभं राहून बघा. हनीकॉम्ब, म्हणजे काँक्रीटमधली पोकळ जागा, तिथेच होतं. भिंत शक्यतो एका दमात भरा, म्हणजे मध्ये दुसरा सांधा येणार नाही. शटरिंगला आरपार पाइप घालून बोल्ट मारू देऊ नका. इनलेट-आउटलेटचे पाइप पडल फ्लँजसह (पाइपभोवतीची, भिंतीत गाडली जाणारी चकती) आधीच बसवा.

काँक्रीट पुरेसं पक्कं झाल्यावर, बाहेरून माती भरायच्या आणि आतून प्लास्टर करायच्या आधी टाकी पाण्याने भरा. पहिले 7 दिवस काँक्रीट पाणी पितं, त्यामुळे पातळी थोडी उतरते. नंतरचे 7 दिवस रोज पातळी मोजा आणि बाहेरच्या ओलीवर खडूने खुणा करा.

तरीही सांधा पाझरला तर आतून कोटिंगवर कोटिंग चढवत बसू नका. तिरकी भोकं पाडून, सांध्याला भिंतीच्या मध्यावर गाठून पीयू (पॉलियुरेथेन) इंजेक्शन करा, मग आतल्या कोपऱ्यात पॉलिमर मॉर्टरचा वाटा (गोलसर उतार) काढा. पिण्याचं पाणी साठवणार असाल तर पीयू आणि कोटिंग दोन्ही त्यासाठी चालणारीच आहेत, असं कंपनीचं प्रमाणपत्र खरेदीच्या वेळी मागून घ्या.