'ॐ मणिपद्मे हूँ' घरी ध्यानाला बसल्यावर म्हणावा का? दीक्षा नसेल तर चालतो का?

योगवर्गात शेवटी हा मंत्र लावतात, तो आवडला, पण आम्ही देव्हाऱ्यापुढे दिवा लावणारे, दीक्षा कसलीच घेतलेली नाही, असं तुम्ही लिहिलंय.

जरूर म्हणा. फक्त तो स्पीकरवर लावून सूर्यनमस्कार घालू नका. मंत्र करुणेचा आहे, आणि करुणेला दुःखात असलेलं कोणीतरी मनापुढे लागतं. ते नसेल तर नुसती चाल उरते.

मी आसनं-प्राणायाम झाले की शवासनाआधी मांडी घालून बसते. श्वास आपोआप संथ होऊ देते, मुद्दाम लांबवत नाही. मग एकच माणूस डोळ्यांपुढे आणते. सध्या शेजारच्या आजी असतात. गुडघ्यांमुळे जिना उतरताना त्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतात, कठडा घट्ट धरतात आणि खाली किती राहिल्यात ते बघतात. ते बघणं आठवायचं आणि सोडत्या श्वासावर मंत्र म्हणायचा. आधी मोठ्याने, मग ओठांतल्या ओठांत, मग मनात. वाचिक, उपांशू, मानस हा आपल्या जपाचाच क्रम. १०८ मण्यांची माळ पुरी करण्याच्या घाईत ते माणूस हरवलं, तर माळ बाजूला ठेवा. ज्याच्याशी वितुष्ट आहे त्याला सुरुवातीला घेऊ नका, मन आतल्या आत भांडत बसतं.

पतंजलींनीही (योगसूत्र १.३३) दुःखी माणसाविषयी करुणेची भावना चित्त प्रसन्न करते असं सांगितलंय, म्हणजे योगाभ्यासाला ही गोष्ट परकी नाही. मंत्र मात्र महायान पंथाच्या बौद्धांचा, 'कारंडव्यूह' सूत्रातला, अवलोकितेश्वराचा, म्हणजे सगळ्यांच्या दुःखमुक्तीसाठी झटणाऱ्या, करुणेचं रूप मानलेल्या बोधिसत्त्वाचा. वर्गात तो 'प्राचीन योगमंत्र' म्हणून सांगतात ते मला खटकतं. ज्यांनी शतकानुशतकं जपला त्यांचं नाव घ्यायला हवं. आणि हा बोधिसत्त्व आपल्याला दूरचा नाही. औरंगाबाद लेण्यांत ७ क्रमांकाच्या लेण्याच्या दाराशी तो उभा आहे, आणि दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसं कोरली आहेत: कोणापुढे आग, कोणापुढे सिंह, कोणापुढे साप, कोणाचं जहाज बुडतंय. करुणा तिथेही मोघम नाही, ज्याचं त्याचं संकट वेगळं दाखवलंय. कधी गेलात तर घाईने आत शिरू नका, त्या दाराशी थांबा.

दीक्षेचं म्हणाल तर लडाखमध्ये साधी म्हातारी माणसं हातातलं मणिचक्र (मंत्र घातलेलं फिरतं प्रार्थनाचक्र) फिरवत हाच जप करत असतात. नुसत्या जपाला आडकाठी नाही. स्वतःच अवलोकितेश्वर आहोत अशी कल्पना करून करायची तांत्रिक साधना वेगळी. ती गुरूकडून अभिषेक, म्हणजे त्या साधनेची रीतसर दीक्षा, घेऊनच करतात, व्हिडिओ बघून तिच्या वाटेला जाऊ नका. उच्चाराची धास्ती घेऊ नका. तिबेटी लोक 'पेमे हुंग' म्हणतात, तुम्ही 'पद्मे हूँ' म्हणा.