झोप येत नाही म्हणून लवकर आडवं होऊ नका

या वेळची तिन्ही पत्रं वेगवेगळ्या घरांतली आहेत, पण गोम एकच. त्रास कमी व्हावा म्हणून जे केलं जातंय, त्यानेच तो टिकून राहिलाय.

प्रश्न : वय ४३. रोज डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जाते. डब्यांसाठी सव्वापाचला उठावं लागतं, म्हणून रात्री दहालाच आडवी होते. पण बारापर्यंत डोळा लागत नाही. मुलाची फी, सासऱ्यांचं ऑपरेशन, ऑडिट, सगळं तेव्हाच आठवतं. साडेतीनला पुन्हा जाग येते आणि पाऊण तास घड्याळ बघत पडून राहते. रविवारी नऊपर्यंत झोपते. मैत्रिणीच्या झोपेच्या गोळ्या दोनदा घेतल्या. सुरू ठेवू का?

नको. दुसऱ्याच्या नावावर लिहिलेली गोळी तर नकोच. (ज्यांच्या गोळ्या काही आठवडे रोज चालू आहेत, त्यांनी हे वाचून त्या एकदम बंद करू नयेत. डॉक्टरांकडून टप्प्याटप्प्याने कमी करून घ्याव्यात.)

आता हिशेब बघा. तुम्ही अंथरुणात सव्वासात तास असता आणि झोपता साडेचार तास. उरलेले पावणेतीन तास तुम्ही रोज त्याच गादीवर जागं राहण्याचा सराव करताय. शरीर ते शिकतं. मग सोफ्यावर पेंगणारा माणूस उशीला डोकं टेकताच टक्क जागा होतो. म्हणून पहिला उपाय उलटा वाटेल असा आहे: अंथरुणातला वेळ कमी करा.

एक आठवडा रोज सकाळी अंदाजाने लिहा, कधी आडवं झालात, साधारण कधी झोप लागली, मधे किती वेळ जागं होतात, कधी उठलात. सरासरी साडेचार तासच आली, तरी अंथरुणासाठी साडेपाच तास धरा, त्याखाली जायचं नाही. उठायची वेळ सव्वापाच ठरलेलीच आहे, म्हणजे आडवं व्हायचं पावणेबाराला, त्याआधी नाही. आठवड्याने झोपेच्या तासांना अंथरुणातल्या तासांनी भागा. उत्तर ८५ टक्क्यांच्या वर आलं (साडेपाच तासांत चार तास चाळीस मिनिटं), तर आडवं व्हायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणा. नाही आलं, तर तीच वेळ आणखी आठवडाभर ठेवा. पहिला आठवडा जड जातो, दिवसा जास्त पेंग येते आणि बहुतेक लोक इथेच सोडून देतात. या दिवसांत दुचाकी चालवणं टाळा. फिट्स किंवा बायपोलर आजार असेल, गरोदरपण असेल, तर हा उपाय स्वतःहून करू नये. मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल, तर आधी तपासणी.

वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं, तर उठा. घड्याळ बघायचं नाही, ते भिंतीकडे तोंड करून ठेवा. हॉलमध्ये मंडळी झोपलेली असतील, तर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मंद दिव्यात बसा, जुना दिवाळी अंक चाळा. मोबाइल नको आणि ओट्यावरची आवराआवरही नको, कारण काम सुरू केलं की मेंदू दिवस उजाडला असं धरतो. पेंग आली की परत जा. साडेतीनला जाग आली तरी हाच नियम.

रविवारी नऊपर्यंत झोपलात, की रात्रीची झोपेची भूक मेली. त्या दिवशी फार तर पावणेसहा. संध्याकाळच्या लोकलमधली डुलकीही इथेच मोजायची. चौथ्या सीटवर का होईना, बसायला मिळाल्यावर डोळे मिटतात हे मान्य, पण सातला घेतलेली अर्ध्या तासाची झोप म्हणजे जेवणाआधी खाल्लेला वडापाव. झोपायचंच असेल तर सकाळच्या गाडीत झोपा. चहातलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून शेवटचा चहा दुपारी तीनच्या आत.

राहिला काळज्यांचा प्रश्न. ‘विचार करू नका’ हा सल्ला निरुपयोगी आहे, विचारांना वेळ ठरवून द्या. रात्री नऊला पंधरा मिनिटं, वही घेऊन, पलंगावर नाही. डाव्या बाजूला काळजी, उजव्या बाजूला तिचं पुढचं सगळ्यात छोटं काम आणि वार. ‘सासऱ्यांचं ऑपरेशन’ असं लिहून उपयोग नाही. ‘बुधवारी अकरा वाजता मेडिक्लेमवाल्याला फोन’ असं लिहा. जिथे काहीच करण्यासारखं नसेल, तिथे ‘हातात नाही’ असं स्पष्ट लिहा. रात्री तोच विषय आला, की तो वहीत आहे एवढंच स्वतःला सांगायचं. आणि डबे रोज तुम्हीच का करता, हा प्रश्न पत्रात नव्हता, पण उजव्या बाजूला तोही येऊ द्या.

प्रश्न : लग्नाला सहा वर्षं झाली, आम्ही नाशिकला असतो. भांडण सुरू झालं की मी गप्प होतो, गॅलरीत जातो. बायको मागे येते, ‘आत्ताच बोल’ म्हणते. मग मी बाहेर निघून जातो आणि दोन दिवस अबोला. गप्प बसणं चूक आहे का?

थांबणं चूक नाही. कधी परत येणार ते न सांगता निघून जाणं चूक आहे. वाद तापला की नाडी मिनिटाला शंभरच्या वर जाऊ शकते, अशा वेळी समोरच्याचं ऐकू येतं पण डोक्यात शिरत नाही. तुम्ही स्वतःला सावरायला जाता, वहिनींना ते टाकून गेल्यासारखं वाटतं, म्हणून त्या मागे येतात, म्हणून तुम्ही आणखी लांब जाता.

शांत असताना दोघांनी ठरवा: ब्रेक कुणीही मागू शकतो, पण मागणाऱ्यानेच परतीची वेळ सांगायची. ‘माझं डोकं तापलंय. साडेनऊला बोलू.’ निदान वीस मिनिटं, कारण शरीर शांत व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि त्याच दिवशी परत यायचं. त्या वेळात चाला, भांडी घासा. मनातल्या मनात मुद्दे जुळवत बसलात तर नाडी उतरत नाही आणि ब्रेक वाया जातो.

परत आल्यावर वाक्य ‘तू नेहमी’ने सुरू करू नका. घडलेली गोष्ट, त्याने काय वाटलं, आता काय हवंय, या क्रमाने बोला. हे वहिनींनाही वाचायला द्या, त्यांचं वाक्य असं होईल: ‘काल साडेसात सांगून साडेनऊला आलास, फोनही नाही. मी घाबरले. उशीर होणार असेल तर मेसेज टाक.’ एका वेळी एकच विषय. २०१९च्या गणपतीत आईंनी काय म्हटलं होतं, ते त्या रात्री उघडायचं नाही.

हे सगळं दोघं बरोबरीने भांडत असतील तरच. मारहाण, धमकी, किंवा एकाला दुसऱ्याची भीती वाटणं असेल, तर ब्रेक आणि वाक्यरचना कामाच्या नाहीत. बाईला १८१ या महिला हेल्पलाइनवर मदत मागता येते. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडेही जाता येतं.

प्रश्न : लातूरहून पुण्याला आलोय, एमपीएससी करतो. अभ्यासिकेत अचानक छातीत धडधड, हाताला मुंग्या, आता मरतो असं वाटतं. दोनदा ईसीजी नॉर्मल आला. आता अभ्यासिकेत जायचंच बंद केलंय.

लक्षणं पॅनिक अटॅकशी, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याशी जुळतात. डॉक्टरांना थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघायला सांगा, आणि ईसीजी नॉर्मल असला तरी परिश्रमाने छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर पुन्हा दाखवा. मुंग्या येतात त्या भराभर श्वास घेतल्याने: रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटं आणि ओठ बधिर होतात. मोठे श्वास घेत राहिलात तर ते वाढतं. नाकाने चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, पोटाने, पाचेक मिनिटं. तोंडाला कागदी पिशवी लावू नका. लाट बहुधा दहा मिनिटांत टोकाला जाते आणि उतरते. खुर्ची सोडून पळालात तर ‘पळालो म्हणून वाचलो’ हेच मनात पक्कं होतं. म्हणून अभ्यासिकेत परत जा, आधी दाराजवळच्या जागेवर अर्धा तास, तो सहज जमला की एक तास, मग आपल्या नेहमीच्या जागेवर. रात्री जागायला घेतलेली कॉफी आणि एनर्जी ड्रिंक आजपासून बंद. चार आठवड्यांत फरक नाही पडला, किंवा जगणं नको असे विचार आले, तर एकट्याने ओढू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालतो, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.