बौद्ध देव मानत नाहीत, मग विहारात मूर्तीपुढे हात का जोडतात?

ते हात देवाला नाही, गुरूला जोडलेले असतात. तुमच्या गावच्या विहारात चालते ती वंदना, नवस किंवा मागणं नव्हे. जग घडवणारा, पापपुण्याचा हिशेब ठेवणारा ईश्वर बुद्धाच्या शिकवणीत नाहीच. लुंबिनीत जन्मलेला, सारनाथला पहिला उपदेश करणारा हा माणूस. वाट दाखवतो, चालायचं आपल्यालाच. मी यवतमाळकडच्या खेड्यात पौर्णिमेला वंदनेला बसतो, म्हणून सांगतो. त्रिसरण-पंचशील (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं आणि पाच नियम पाळायचं वचन) असतं, आणि फुलं वाहताना एक पाली गाथा म्हणतात: हे फूल जसं कोमेजतं, तसाच माझा देहही नाश पावणार. सकाळी वाहिलेला झेंडू दुसऱ्या दिवशी मान टाकतो, अर्थ वेगळा समजावावा लागत नाही. मेणबत्ती म्हणजे अंधार घालवणाऱ्या ज्ञानाची खूण. खरा घोळ त्या गाथेतल्या ‘पूजेमि’ शब्दाने होतो. पालीत त्याचा अर्थ आदर करणं असाही आहे. शंका उरलीच तर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतली पहिलीच वाचा: ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही. मात्र हे सरसकट सगळ्या बौद्धांना लावू नका. जपानात अमिताभ बुद्धाचं नाव घेऊन त्याच्या सुखावतीत, म्हणजे त्याच्या शुद्ध भूमीत, जन्म मिळावा म्हणणारे पंथ आहेत. त्रिपिटकात, म्हणजे बौद्धांच्या मूळ ग्रंथसंग्रहातही इंद्र-ब्रह्मा भेटतात, फक्त तेही जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटलेले नाहीत.