पिनियन अडकलंय? आधी ‘नॉन-मूव्हिंग’ची यादी बघा

तुमची पोस्ट वाचली. बॉल मिलचं (खनिज दळणाऱ्या फिरत्या पिंपाचं) पिनियन, म्हणजे ते फिरवणारं दातेरी चाक, बोटीवर अडकलंय, मिल कमी लोडवर चाललीय आणि वरून विचारणा, की दुसरा पुरवठादार का नाही शोधला? हे सगळं भोगलंय, म्हणून लिहितो. लीड टाइम (माल यायला लागणारा वेळ), सेफ्टी स्टॉक (राखीव साठा) वगैरे तुम्हाला सांगायला नको.

दुसरा पुरवठादार जरूर शोधा, पण फोर्जिंग (ज्यातून पिनियन कापतात तो घडीव पोलादी ठोकळा) कुठून येतं ते विचारा. आमच्या कागदावर पुरवठादार दोन होते आणि दोघांचं फोर्जिंग एकाच ठिकाणचं.

महागात पडलं ते मात्र वेगळंच. राखीव पिनियन आमच्याकडे होतं! मुख्यालयातल्या एका विभागाने (नाव घेत नाही) फतवा काढला, की काही वर्षं न हललेला माल ‘नॉन-मूव्हिंग’, विल्हेवाट लावा. अहो, पिनियन काय दर वर्षी बदलतात? लेखी हरकत घेतली. उत्तर आलं, ‘प्रणालीत क्रिटिकल असा शेरा नाही.’ शेरा मारायचा अधिकार त्यांचाच, आणि त्याच्या फॉर्मवर मागच्या वर्षांतला वापर दाखवणं सक्तीचं. वापर शून्य म्हणून शेरा नाही, शेरा नाही म्हणून भंगार. गंजरोधक लावून गुंडाळून ठेवलेलं, एकही दात न घासलेलं पिनियन किलोच्या भावाने गेलं.

पुढे चालू पिनियनचे दात पिटिंगने (पृष्ठभागावर खड्डे पडून) खराब झाले. २०२४ साल, तांबडा समुद्र टाळून बोटी केप ऑफ गुड होपला वळसा घालत होत्या. वळशाचे दोनेक आठवडे सोसले असते हो, पण फोर्जिंग आणि गिअर कटिंगच्या (दात कापण्याच्या) रांगेतल्या महिन्यांनी जीव काढला. नंतरचा अहवाल त्याच विभागाने लिहिला. कारण: ‘जागतिक परिस्थिती’.

माझं मत (तुमची गणितं वेगळी असतील, लेखापालांना विचारून घ्या): असा भाग भांडाराच्या मालात ठेवूच नका. आयएएस १६ या आंतरराष्ट्रीय लेखा मानकाप्रमाणे निकषात बसणारे मोठे राखीव भाग स्थावर मालमत्ता आणि यंत्रसामग्रीत धरता येतात. मग स्टॉक साफ करणाऱ्यांच्या यादीत ते येतच नाहीत.

पण म्हणून सगळंच साठवत सुटू नका. रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये अमोनियम नायट्रेटची (खत आणि खाणीतल्या स्फोटकांच्या कच्च्या मालाची) निर्यात दोन महिने थांबवली, तेव्हा गोदाम भरून ठेवायच्या गोष्टी निघाल्या. बैरूतच्या बंदरात २०२० मध्ये त्याच्याच सुमारे २,७५० टन साठ्याचा स्फोट झाला, ते आठवा. अशा मालासाठी दुसऱ्या स्रोताची मंजुरी आधीच घेऊन ठेवणं हाच मार्ग.

जाता जाता: राखीव मोटरचा ओलावा रोखणारा हीटर चालू ठेवा आणि शाफ्ट अधूनमधून फिरवा, नाहीतर बेअरिंगवर खुणा पडतात. होजवरची (रबरी नळीवरची) उत्पादनाची तारीखही बघत जा, पडून पडून रबर खराब होतं.

आणि तातडीचं. तुमची मिल एकाच दिशेने फिरत असेल तर दातांची दुसरी बाजू कोरीच असणार. पिनियन उलटं बसवता येतं का, हे उत्पादकाला आजच विचारा. शाफ्टची रचना दोन्हीकडून सारखी असावी लागते. त्याआधी दातांच्या मुळाशी भेगा नाहीत ना, हे मॅग्नेटिक पार्टिकल तपासणीने (चुंबकीय कणांनी भेगा दाखवणाऱ्या चाचणीने) बघून घ्या. भेग दिसली तर उलटवायच्या भानगडीत पडू नका.