१५ हजारांत जुन्या वॅगनआरला मोठी अँड्रॉइड स्क्रीन बसवावी की साधा ब्रँडेड स्टिरिओ?

तुमची अडचण थोडक्यात अशी: गाडी २०१४ ची, कंपनीच्या टेपला ब्लूटूथ नाही, हातात १५ हजार, आणि दुकानदार म्हणतोय की एवढ्यात नऊ इंची अँड्रॉइड, कॅमेरा, फ्रेम सगळं बसवून देतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ती नऊ इंची घेऊ नका. सात इंची, दोन डिनच्या (टेपच्या ठरलेल्या मापाच्या, दुप्पट उंचीच्या) खणात बसणारा, अँड्रॉइड ऑटो (म्हणजे फोनचेच मॅप-गाणी पडद्यावर दाखवणारी सोय) चालणारा स्टिरिओ बघा, आणि जमलं तर आवाजाला खरा फिरणारा नॉब असलेला. उरलेले पैसे पुढच्या दारांतल्या स्पीकरना आणि नीट वायरिंगला घाला. दोन्ही १५ हजारांत बसत नसेल तर स्क्रीन सोडा, स्पीकर सोडू नका. ब्लूटूथवाला बिनस्क्रीनचा टेप आणि फोनला एक मजबूत होल्डर, एवढ्यावर माझ्या धाकट्या भावाचं व्यवस्थित चाललंय.

हे अनुभवाने सुचलेलं शहाणपण आहे. माझ्याकडेही वॅगनआरच आहे, आणि तुमचा दुकानदार जे सुचवतोय तेच मी आधी केलं होतं. हायवेलगतच्या एका दुकानात दोन तासांत काम झालं. पहिले पंधरा दिवस काय कौतुक! सोसायटीतली पोरं काचेला नाक लावून बघायची. मग हळूहळू संसार सुरू झाला. सकाळी चावी फिरवायची, रिव्हर्स टाकायचा, आणि स्क्रीनवर अजून लोगोच गोल गोल फिरतोय. कॅमेऱ्याचं चित्र येईपर्यंत मी मान मागे वळवून गाडी पार्किंगमधून बाहेर काढलेली असायची. दुसऱ्या वर्षी मॅप उघडायलाच इतका वेळ लागायला लागला की वळण मागे गेल्यावर बाई सांगायची, 'आता डावीकडे वळा.' बॉक्सवर रॅमचा मोठा आकडा छापला होता. तो खरा होता की नुसताच छापलेला, हे आपल्याला कुठून कळणार.

या स्वस्त अँड्रॉइड डब्यांचं मूळ दुखणं हेच आहे की त्यांचं डोकं डब्यातच असतं. तुम्ही फोन तीन-चार वर्षांनी बदलता, टेप दहा वर्षं तोच राहतो. अँड्रॉइड ऑटोत (आयफोन असेल तर कारप्ले) डोकं फोनमध्ये आणि स्टिरिओ हा फक्त पडदा आणि आवाज. फोन नवा घेतला की गाडीही आपोआप हुशार होते. मात्र वायरवाला अँड्रॉइड ऑटो असेल तर केबल चांगली घ्या. रस्त्यावरची शंभर रुपयांची केबल खड्डा आला की डोळे मिटते. आणि काही स्टिरिओंच्या यूएसबीतून येणारा करंट बेताचाच असतो. मे महिन्यात मॅप चालू ठेवून लांब गेलात तर फोन तापतो आणि चार्जिंग वाढायच्या ऐवजी कमी होतं. तेव्हा फोन डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, खालच्या कप्प्यात ठेवा.

आता खरा किस्सा. गणपतीला आम्ही पाच दिवस गावी गेलो, एसटीने. गाडी सोसायटीतच. परत आल्यावर चावी फिरवली तर नुसती टिक टिक. बॅटरी ठार. ढकलस्टार्ट करून मी ती नाना पेठेतल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने बॅटरीची वायर सोडवून मध्ये मीटर लावला आणि मला आकडा दाखवला. गाडी बंद, चावी माझ्या खिशात, आणि बॅटरीतून ०.३ अँपिअर चाललेत. 'साहेब, गाडी झोपलीय, टेप जागाय.'

हिशोब साधा आहे. दिवसाला ०.३ गुणिले २४, म्हणजे ७.२ अँपिअर-तास. पाच दिवसांचे ३६. आपल्या गाडीची बॅटरीच ३५ अँपिअर-तासांची.

कारण असं की स्टिरिओला दोन प्लसच्या वायरी असतात. पिवळीला सतत करंट हवा, कारण वेळ, स्टेशनं, सेटिंग ती जपते. लाल वायर चावीवर चालते. चावी काढली की लालचा करंट जातो आणि टेपला कळतं की आता झोपायचं. आमच्या त्या दुकानदाराला चावीची वायर पटकन सापडली नव्हती म्हणून त्याने लाल आणि पिवळी पिळून एकत्र बॅटरीच्या लायनीवर टाकली होती. बटण दाबून मी स्क्रीन काळी करायचो आणि समजायचो की बंद झाला. उलट चूकही होते: दोन्ही चावीवर टाकल्या तर बॅटरी वाचते, पण गाडी बंद केली की टेप सगळं विसरतो, घड्याळ पुन्हा बारापासून सुरू. तुम्हाला वायरिंगमधलं एवढं एकच कळलं तरी पुरे. बसवून झाल्यावर दुकानातच चावी काढा, दार लावा आणि मीटर लावायला सांगा. गाडी पूर्ण झोपल्यावर काही मिलिअँपिअर चालतात, ५० च्या वर नको. मीटर नाही म्हणाला तर दुकान बदला.

आणि वायर कापू द्यायची नाही. आपल्या गाडीचा कपलर मिळतो, तो एका बाजूने गाडीच्या सॉकेटमध्ये आणि दुसऱ्या बाजूने स्टिरिओला. 'कपलर टू कपलर' असंच म्हणा, त्यांना बरोबर कळतं. ब्लेडने सोललेल्या वायरीला काळी टेप गुंडाळून दिली की उन्हाळ्यात तिचा गोंद सुटतो आणि पुढे डॅशबोर्डच्या आत काय होईल ते देव जाणे.

वॉटच्या आकड्यांना भुलू नका. बॉक्सवर '५० वॉट × ४' असतंच, नामांकित कंपन्यांच्याही असतं. तपासायची युक्ती सांगतो: स्टिरिओच्या मागे फ्यूज असतो, त्यावरचा आकडा बघा. १० अँपिअर असेल तर गाडी चालू असताना १४ व्होल्टने गुणा. आले १४० वॉट, आणि त्यातलेही बरेचसे उष्णतेत जातात. मग २०० येणार कुठून? चार ओहमच्या स्पीकरवर टेपमधली अँप (अँप्लिफायर) सलग आणि स्वच्छ देते ते २० वॉटच्या आसपास. तेवढे वॅगनआरच्या डब्याला भरपूर होतात. म्हणून स्पीकर घेताना '३०० वॉट' वगैरे सोडून सेन्सिटिव्हिटी विचारा, म्हणजे ठरावीक ताकदीला स्पीकर किती मोठा वाजतो ते, ती डेसिबलमध्ये लिहिलेली असते. तीन डेसिबल जास्त म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद लागते. ९२ चा स्पीकर साध्या टेपवर खणखणीत वाजतो. ८८ चा भारी दिसणारा स्पीकर अँप लावल्याशिवाय कुंथत राहतो.

पैसे फक्त पुढच्या जोडीवर घाला. मागे बसणारी मंडळी एकतर झोपतात किंवा भांडतात. दारात स्पीकर बसवताना आतल्या पत्र्याला डॅम्पिंगची शीट लावून घ्या. चिकट काळी शीट असते, वर चकचकीत चांदीसारखा कागद. ऐकायला फालतू खर्च वाटतो, पण मारुतीचं दार म्हणजे बिस्किटाचा डबा. शीट लावली तेव्हा मला ढोलकीचा खालचा सूर पहिल्यांदा गाडीत ऐकू आला, आणि दार लावतानाचा 'टण्ण'सुद्धा 'धप्प' झाला. बूटमध्ये ठेवायचा मोठा वूफर घेऊ नका असं मी म्हणेन. पुढे मुंज-लग्नाला सामान न्यायची वेळ आली की तो पहिला उतरतो आणि मग परत चढत नाही.

एफएमचं एक विचित्र प्रकरण माझ्याच घरात झालं, म्हणून सांगतो. मेहुण्यांनी न्यू जर्सीहून नामांकित कंपनीचा टेप आणला. भावाच्या गाडीत बसवला. खासगी स्टेशनं लागली, पण पुण्याची विविध भारती काही लागेना. ती १०१.० वर आहे. अमेरिकेत एफएमचा टेप ०.२ च्या उड्या मारतो आणि फक्त विषम दशांशांवर थांबतो: १००.९, मग एकदम १०१.१. मधलं १०१ त्याच्या लेखी नाहीच! मीडियम वेव्हचंही तसंच, तिथे उडी दहाची आणि आपल्याकडे नऊची, त्यामुळे आकाशवाणी पुण्याचं ७९२ सुद्धा गायब. आई त्या टेपला दोन दिवस शिव्या देत होती. सेटिंगमध्ये रीजन बदलून युरोप किंवा आशिया केलं आणि दोन्ही केंद्रं हजर झाली. कोणी परदेशातून टेप आणून देत असेल तर हे आधी बघा. आणि इथलाच घेतला तरी मीडियम वेव्ह आहे का ते विचारा, बऱ्याच अँड्रॉइड डब्यांत ती नसतेच.

नवा टेप बसवल्यावर एफएम खरखरायला लागलं तर नवाच टेप खराब म्हणून भांडू नका. काही गाड्यांच्या अँटेनात छोटा बूस्टर असतो, त्याला टेपच्या निळ्या वायरीतून करंट लागतो. ती जोडायची राहते. दुसरा त्रास म्हणजे रेस दिली की स्पीकरमधून 'कुईंऽऽ' असा चढत जाणारा आवाज. खंबाटकीचा घाट चढताना तो असा लागायचा की पोरं कान झाकायची. तो आवाज अल्टरनेटरचा, आणि बहुतेक वेळा अर्थिंग ढिलं असतं. काळी वायर रंगावर नाही, खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर घट्ट बोल्टने कसायची. माझ्याकडे दहा मिनिटांचं काम निघालं.

रोजच्या वापराचं दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून चार गोष्टी. ब्लूटूथ दोन फोनना ओळखायला लागला की घरात राजकारण सुरू होतं. मी पार्किंगमधून गाडी काढतो, बायको वर गॅलरीत उभी, आणि तिच्या आईचा फोन माझ्या गाडीच्या चार स्पीकरवर. 'जावईबापूंना काही सांगू नकोस हं,' एवढं ऐकू आलं, पुढचं मी सभ्यपणे बंद केलं. सेटिंगमध्ये आधी कोणाचा फोन पकडायचा ते ठरवून ठेवा. कॉलसाठी टेपच्या तोंडावरच्या माइकवर विसंबू नका. एसीच्या वाऱ्यात समोरच्याला फक्त वादळ ऐकू येतं. वेगळा माइक येतो, तो सनवायझरजवळ लावून घ्या, वायर रबरच्या आतून लपते.

पेनड्राइव्हवर गाणी ठेवणार असाल तर तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, अनेक टेप दुसरं काही वाचत नाहीत. फाइलींची नावं देवनागरीत दिली तर कित्येक टेपवर नुसते चौकोन दिसतात. मी अभंग, भावगीतं, लावणी असे फोल्डर हौसेने मराठीत केले होते. स्क्रीनवर तीन सारखे चौकोन, आणि पहाटे अभंग लावायला गेलो तर लावणी सुरू, मागे वडील बसलेले. आता फोल्डरांना नुसते आकडे दिलेत.

दुपारच्या उन्हात काही स्क्रीन आरशासारख्या होतात. म्हणून स्क्रीन दुकानाच्या आत बघू नका, गाडीत उन्हात धरून बघा. उलट रात्री ती डोळ्यांवर येते. केशरी वायर हेडलाइटच्या लायनीला जोडली की दिवे लावल्यावर स्क्रीन आपोआप मंद होते. फ्रेमवर मोठी स्क्रीन बसवली तर एसीची जाळी आणि चार इंडिकेटरचं बटण झाकलं जात नाही ना हे बघाच. कॅमेरा घ्यायचा तर स्टिरिओबरोबर तिथेच जोडून बघून घ्या. एएचडी (जास्त स्पष्ट चित्राचा) कॅमेरा आणि साध्या इनपुटचा टेप जुळत नाहीत, पडदा काळाच राहतो. आणि नॉबचा हट्ट मी यासाठी धरला की टोलनाक्यावर काच खाली करताना आवाज कमी करायला स्क्रीनकडे बघावं लागू नये. हात आपोआप जातो.

शेवटी, जुना टेप काढल्यावर दुकानदार म्हणेल, 'हा काय कामाचा, इथेच ठेवा.' ठेवू नका. त्याची फ्रेम, स्क्रू, सगळं एका पिशवीत घालून घरी न्या. गाडी विकताना नवा स्टिरिओ काढून जुना परत लावता येतो, कपलर न कापल्यामुळे अर्ध्या तासात. माझा माळ्यावर आहे, गणपतीच्या मखराशेजारी.