मृत्युंजय संपलं, आता पुढे काय?

प्रश्न: गेल्या महिन्यात रात्री जागून जागून मृत्युंजय वाचलं. त्यानंतर तीन पुस्तकं घेतली आणि तिन्ही तीस-चाळीस पानांवर सोडली. उशाशी ढीग लागलाय, त्यात जो तो नवीन नाव सांगतो, स्वामी वाच, ययाती वाच, कोसला वाच. कशातच मन लागत नाही. पुढे काय वाचू?
– एक वाचक भगिनी, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर: ताई, आधी तो ढीग उशापासून उचला आणि कपाटात ठेवा, रोज रात्री तो समोर दिसला की वाचायचं ओझंच होतं. माझंही कॉलेजात अगदी हेच झालं होतं, मृत्युंजयनंतर लगेच दुसरी जाडजूड पौराणिक कादंबरी घेतली आणि पानापानाला कर्ण आठवत राहिला, त्या बिचाऱ्या पुस्तकाचा काहीच दोष नव्हता.

आता एक आठवून बघा, मृत्युंजयमध्ये तुम्हाला नक्की कशानं धरून ठेवलं? त्यात कर्ण बोलतो, कुंती बोलते, वृषाली, शोण, दुर्योधन, शेवटी कृष्ण, जो तो आपलं आपण सांगतो. मला वाटतं तुम्हाला युद्धापेक्षा ते 'मी' म्हणून बोलणं लागलंय. तसं असेल तर महाभारत सोडा आणि तो आवाज दुसरीकडे शोधा.

म्हणून माझं मत, बनगरवाडी घ्या. व्यंकटेश माडगूळकरांची, 1955 ची, अगदी छोटी, एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला जातो आणि तोच सगळं सांगतो. दोन-तीन दिवसांत होईल, आणि अडकलेली गाडी सुटायला एक पुस्तक पूर्ण होणं फार गरजेचं असतं. त्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे. सुरुवातीलाच वडिलांचं सोवळ्याचं वेड येतं, मीठसुद्धा धुवून घ्यायचे, आणि बाई हे असं सांगतात की जणू ओट्यापाशी उभ्या राहून आपल्याशी बोलतायत. पुढे 1895 मध्ये नवरा ख्रिस्ती होतो तिथे तर पुस्तक खाली ठेववतच नाही. कोसलाही 'मी'चीच आहे पण ती आत्ता नको, तिचा सूर फार वेगळा, थोडी थांबा.

आणि ही पुस्तकं लगेच विकत घेऊ नका. आपल्या मांडवीजवळ सेंट्रल लायब्ररी आहे ना, सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालसाहेबांना बोलावून वाचनालयांचं काम सुरू केलं ती. तिथली कपाटांमधली जमीन जाड काचेची आहे, वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. तिथे जा, पुस्तक मागून घ्या, पहिलं पान सोडून मधलं कुठलंही उघडा आणि उभ्या उभ्या दोन पानं वाचा. तिसरं पान आपोआप उलटलंत तर तेच घरी न्या, मग मी काहीही सुचवलेलं असो.